आधी विहिरीचा मार्च बघा, मग पीक ठरवा

दिवाळी झाली की आमच्याकडे एखादा तरी फोन येतोच. कुणी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून गावी आलेला असतो, कुणाच्या वडिलांना आता शेत झेपत नाही, कुणी वाटणीत आलेल्या तीन एकरांवर पहिल्यांदाच उभा असतो. विचारणं सगळ्यांचं एकच: “दादा, बोअर कुठे घेऊ?” मी आधी विचारतो, “विहीर आहे का? आज तिला किती पाणी आहे?” त्यावर “आहे की, चांगलं आहे” असं उत्तर येतं. किती फूट आहे, ते बहुतेकांना सांगता येत नाही. या फोनवर जे अर्ध्या तासात सांगून होत नाही ते इथे नीट लिहितो.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला. नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना धरणं, द्राक्षं आणि गोदाकाठ आठवतो. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं. पण त्याच जिल्ह्यात पूर्वेला सरकत गेलं की सिन्नरचा पूर्व भाग, येवला, नांदगाव इथे पाचशे-सहाशे मिलीमीटरवर समाधान मानावं लागतं, आणि तोही दोन-चार मोठ्या पावसांत पडून जातो. मनमाडसारख्या शहराने नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याचे उन्हाळे काढलेत. चांदवड, देवळा, मालेगावची कोरडवाहू गावंही याच रांगेतली. कालवा जिथे पोचत नाही तिथे शेती म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे चार महिन्यांत खडकात जेवढं मुरलं तेवढं.

पहिलं काम : खडक ओळखा

आपल्या पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत, एकावर एक रचलेले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की आपल्या आणि शेजारच्या विहिरीच्या काठावर उभं राहून बॅटरीच्या उजेडात कडा बघा. एकट्याने आत उतरू नका, काठावरूनही पुष्कळ दिसतं. वर दोन-चार फूट माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम, कुदळीने निघणारा. मग मांजऱ्या खडक, ज्यात पांढऱ्या दाण्यांनी भरलेली बारीक भोकं दिसतात. बहुतेक झरे याच्याच भेगांतून येतात. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न फुटणारा. त्यात पाणी फक्त चिरांमध्ये, आणि चिरा नसल्या तर काहीच नाही. मधेच कुठे तांबड्या गेरूचा पट्टा दिसतो. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्यावरच्या कडेला ओल धरलेली असते.

या खडकात पाण्याला जागाच कमी. शंभर घनफूट खडक घेतला तर त्यातून विहिरीला मिळू शकणारं पाणी साधारण एक ते तीन घनफूट. म्हणून एका चांगल्या पावसात पातळी दहा फूट चढते आणि दोन महिने उपसा केला की तितकीच उतरते. चढलेली पातळी बघून हुरळून जाऊ नका.

झरे कोणत्या फुटावर आहेत ते लिहून ठेवा. आमची विहीर ४५ फूट खोल आहे. एक झरा १८ फुटांवर पूर्वेकडून येतो, दुसरा २६ फुटांवर, आणि मोठा ३८ फुटांवर पाषाणाच्या चिरेतून. पातळी २६ फुटांच्या खाली गेली की वरचे दोन्ही झरे सुकलेले असतात, आणि त्या आठवड्यापासून विहीर भरण्याचा वेग निम्म्यावर येतो. हे कळायला मला सहा वर्षं लागली. वडिलांना ठाऊक होतं, मीच कधी विचारलं नाही. घरात जुनं माणूस असेल तर विहीर खोदताना काय काय लागलं ते आजच विचारून घ्या.

नवीन विहिरीची जागा बघायची असेल तर तळहातावर उभा राहणारा नारळ किंवा हातात फिरणारी काडी यावर लाखभर रुपये लावू नका, मग पाणाड्या कितीही जवळचा असो. आजूबाजूच्या पाच विहिरींचे थर, नाल्याची दिशा आणि जमिनीचा उतार बघा, त्यानंतर विद्युत पद्धतीने सर्वेक्षण करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे. तिथे आपल्या पाणलोटाची माहिती मागता येते. या यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चारदा त्यांची पातळी मोजली जाते. तुमच्या जवळची निरीक्षण विहीर कोणती, ते शोधून काढा.

दुसरं काम : मोजा, आणि वहीत लिहा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

नायलॉनची दोरी घ्या, टोकाला अर्धा किलोचं वजन बांधा, दर फुटाला गाठ मारा, दर पाच फुटांना रंगीत चिंधी बांधा. विहिरीच्या कठड्यावर एका जागी लाल रंगाने खूण करा आणि कायम तिथूनच दोरी सोडा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. मोजायचं पहाटे, मोटार सुरू करायच्या आधी, कारण रात्रभरात झऱ्यांनी पातळी सावरलेली असते. लाईट रात्रीची असेल तर मोटार बंद करून किमान सहा तास जाऊ द्या. आठवड्यातून एकदा पुरे. आमच्याकडे शनिवार ठरलेला आहे.

आता त्या फुटांचे लिटर करायचे. विहिरीचा व्यास २४ फूट असेल तर एक फूट पाणी म्हणजे सुमारे १२,८०० लिटर. तुमची विहीर वेगळी असेल तर व्यासाच्या निम्मी त्रिज्या घ्या, तिचा वर्ग करून ३.१४ ने गुणा, आणि येणाऱ्या आकड्याला २८.३ ने गुणा. एका फुटाचे लिटर मिळतात. हा आकडा कठड्यावरच रंगवून टाका.

पण विहिरीत उभं असलेलं पाणी म्हणजे विहिरीची ताकद नव्हे. ती कळते भरण्याच्या वेगावरून. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी मोटार दोन तास चालवून बंद केली. पातळी चार फूट उतरली होती. ते चार फूट भरून यायला १२ तास लागले, म्हणजे तीन तासाला एक फूट. चोवीस तासांत आठ फूट, म्हणजे एक लाख लिटरच्या आसपास. हेच मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केलं, तेव्हा चार फूट भरायला पुरे दोन दिवस गेले. चोवीस तासांत दोन फूट, जेमतेम २५,६०० लिटर. (पहिला फूट लवकर भरतो आणि शेवटचा रेंगाळतो, म्हणून पूर्ण भरेपर्यंत थांबून मगच भागाकार करा.)

एका एकरावर एक मिलीमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. मार्चच्या उन्हात वाढीच्या भरातल्या कांद्याला दिवसाला पाचेक मिलीमीटर लागतं, म्हणजे एकरी वीस हजार लिटर. माझी विहीर ऑक्टोबरात पाच एकराची वाटते आणि मार्चात ती सव्वा एकराची असते. आमच्या भागात दरवर्षी जे कांद्याचे वाफे मार्चअखेर वाळताना दिसतात, त्यांच्या मालकांनी ऑक्टोबरची विहीर बघून रोप टाकलेलं असतं. मीही दोन वर्षं तेच केलं. दुसऱ्या वर्षी एक एकर कांदा पोसायच्या आत सोडून द्यावा लागला. बी, रोप, लागवडीची मजुरी, खत, सगळं मातीत. तेव्हापासून ही दोरी स्टार्टरच्या पेटीशेजारी टांगलेली असते.

तिसरं काम : पावसाचा हिशेब मांडा

पर्जन्यमापक नसेल तर सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा. झाडापासून, भिंतीपासून लांब. सकाळी आठला आत किती मिलीमीटर पाणी साठलंय ते पट्टीने मोजा. तालुक्याचा आकडा पेपरात येतो, पण आपल्याकडे एका गावच्या दोन शिवारांत सुद्धा पाऊस सारखा पडत नाही.

समजा वर्षभरात ५०० मिलीमीटर पडला. एका एकरावर सुमारे २० लाख लिटर. यातलं बरंच वाहून जातं, बरंच माती आणि झाडं परत हवेत सोडतात. आपल्या लाव्ह्याच्या खडकात खोल मुरतं ते ढोबळ मानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास. मुरूम आणि भेगा चांगल्या असतील तर थोडं जास्त, नुसता काळा पाषाण असेल तर कमी. म्हणजे एकरी दोन लाख लिटर. आता उन्हाळ कांद्याला लागवडीपासून काढणीपर्यंत ५०० मिलीमीटरच्या आसपास पाणी लागतं, एकरी २० लाख लिटर. पाटाने दिलं तर त्यातलं थोडं परत मुरतं, ठिबकवर थोडं कमी लागतं, पण गणिताचा साचा तोच राहतो. तुमचा एक एकर उन्हाळ कांदा दहा एकरांवर मुरलेलं पाणी पितो.

ते दहा एकर तुमच्याकडे आहेत का? नसतील तर उरलेलं पाणी वरच्या आणि शेजारच्या शेतांखालून येतं. जमिनीवर बांध असतो, खाली नसतो. हे आकडे मांडल्यावर शेजाऱ्याच्या मोटारीकडे बघायची माझी नजर बदलली.

चौथं काम : पीक ऑक्टोबरात ठरवा

ऑक्टोबरची पातळी, गेल्या मार्चचा भरण्याचा वेग आणि यंदाचा पाऊस, हे तीन आकडे समोर ठेवून बसा. गेल्या मार्चचं माप नसेल, तर पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या वेगाचा चौथा हिस्सा धरा.

त्या पाण्यातून आधी घरच्यांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढा. मग फळबाग असेल तर तिचं, कारण पाण्यावाचून बाग वाळली तर अनेक वर्षांचं नुकसान. उरलेल्यात हंगामी पीक. पाऊस चांगला झाला असेल तर रांगडा, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी लावायचा कांदा घ्या. त्याच्या पाण्याचा बराच भाग विहीर भरलेली असतानाच भागतो. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, भाव बघून विकता येतो, म्हणून सगळ्यांचा जीव त्यात अडकतो. माझाही. पण त्याचा शेवटचा महिना विहिरीच्या सगळ्यात वाईट दिवसांत येतो. म्हणून मार्चच्या विहिरीला झेपेल तेवढेच वाफे लावा आणि बाकीच्या रानात हरभरा करा. जमीन भारी असेल तर हरभऱ्याला दोन पाण्यांवर भागतं. ज्वारी केली तर कडबाही घरात येतो. पाणी नसताना तीन एकर कांदा लावून एक एकर काढण्यापेक्षा सव्वा एकर पोटभर पाण्यावर पोसलेला कांदा जास्त पैसे देतो. हे मी दोन्ही करून बघून सांगतोय.

डाळिंबवाल्यांच्या हातात बहार आहे, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलं धरायची ते. आंबे बहार धरला की फळ पोसायचा काळ भर उन्हाळ्यात येतो. मृग बहाराला पावसाची साथ असते, हस्त बहार या दोन्हींच्या मधला. मृगात तेल्या रोगाची धास्ती जास्त असते आणि आंबे बहाराचा माल दिसायला सरस निघतो, हे मान्य. तरीही विहीर मार्चात आटणारी असेल तर आंबे बहार म्हणजे टँकर विकत घेण्याची तयारी, असं समजूनच निर्णय घ्या. द्राक्षाचं तर अधिक कठीण. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्यांत पुढच्या वर्षीचे घड ठरतात, आणि नेमका तोच पाण्याचा तुटवड्याचा काळ. कालवा नसलेल्या पूर्व भागात, पहिल्याच वर्षी कुणी तुम्हाला द्राक्षबाग उभी करायला सांगत असेल तर थांबा. दोन उन्हाळे विहीर मोजा, मग ठरवा.

उसाबद्दल एवढंच: वर्षभर उभं राहणारं आणि दोन हजार मिलीमीटरच्या वर पाणी पिणारं पीक आपल्या विहिरीवर घेऊ नये.

पाचवं काम : पाणी देताना

ठिबक घ्या, कांद्याला ठिबक किंवा तुषार घ्या, सरकारी अनुदान मिळतं त्यासाठी अर्ज करा. मल्चिंग किंवा पाचटाचं आच्छादन करा. हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते असं की ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आपण लगेच आणखी दोन एकर वाढवतो, आणि विहिरीतून उपसा तेवढाच राहतो. पाटाने दिलेल्या पाण्यातलं जे थोडं परत मुरायचं तेही आता मुरत नाही. ठिबक लावल्यावर पहिली दोन वर्षं क्षेत्र वाढवायचं नाही, असं घरात सगळ्यांसमोर ठरवा.

दुसरं, स्टार्टरला लावलेला ऑटो काढून टाका. रात्रीची लाईट असते, कुणाला जायचा कंटाळा येतो, मग ऑटो लावला की लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू. ठिबक असो की पाट, चार तास कुणी बघत नाही. सकाळी जाऊन बघावं तर खालच्या बांधाला डबकं. विहिरीत मोटार कोरडी फिरून जळते ती वेगळीच, आणि लाईट आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळतो. वेळ लावून बंद होणारा टायमर मिळतो, तो बसवा. सौर पंप मिळाला असेल तर दिवसा पाणी देता येतं, बारे धरायला रात्रीचं जावं लागत नाही, विंचू-सापाची भीती नाही. फार मोठी सोय आहे. पण वीजबिल नसल्यामुळे पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. तिथेही आठवड्याला किती तास चालवायचा ते दोरीच्या मापावरून ठरवा.

सहावं काम : मुरवा, पण गढूळ पाणी विहिरीत सोडू नका

सुरुवात वरून करायची. डोंगरउतार असेल तर समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, पेरणी उताराला आडवी. वरच्या शेतातून माती वाहून येत राहिली तर खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. मग नाला. माती नाला बांध किंवा सिमेंट बंधारा जिथे मुरूम आहे तिथे मुरवतो, जिथे खाली सलग पाषाण आहे तिथे नुसतं पाणी साठवतो. नाला खोल करण्याच्या कामात यंत्र गावात आलं की सगळ्यांना आणखी खोल हवं असतं. मुरमाच्या खाली खडक फोडत गेलात तर काठच्या विहिरींचे झरे नाल्यात उघडे पडतात आणि पाणी उलट बाहेर वाहून जातं. खोली किती ठेवायची ते भूजल यंत्रणेच्या माणसाला जागेवर आणून ठरवा. तलावातला गाळ शेतात टाकायचा तर हलक्या, मुरमाड रानात टाका. चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या रानात आणखी गाळ नको.

विहीर पुनर्भरण मात्र घरच्या घरी होतं. ५० मिलीमीटरचा एक दणकट पाऊस एका एकरावर दोन लाख लिटर टाकतो. त्यातलं चौथाई वाहिलं तरी ५० हजार लिटर. माझ्या विहिरीचं ते चार फूट पाणी.

शेतातलं वाहतं पाणी ज्या कोपऱ्यातून बाहेर पडतं, तिथून विहिरीकडे चर काढा. विहिरीपासून दहा-बारा फुटांवर दोन खड्डे घ्या. पहिला लहान, चार-पाच फुटांचा, तिथे पाणी थांबून गाळ खाली बसतो. दुसरा सहा फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात तळाला मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, प्रत्येक थर साधारण फूटभर. तळातून चार-सहा इंची पाईप विहिरीत सोडा. पाईपाचं तोंड विहिरीच्या भिंतीपासून फूटभर आत यावं, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळून बांधकाम ढिलं होतं. दरवर्षी मे महिन्यात वाळूचा वरचा थर खरवडून धुवा. हे काम कुणी करत नाही आणि म्हणूनच तीन वर्षांनी पुनर्भरण बंद पडतं.

पावसाळ्यातला पहिला लोंढा आत घेऊ नका, चराला फळी लावून तो बाहेर काढा. गोठ्याच्या, उकिरड्याच्या, द्राक्षबागेच्या बाजूने येणारं पाणी कधीच नको. बागेत फवारलेली औषधं या खड्ड्यांत गाळली जात नाहीत, आणि त्याच विहिरीचं पाणी घरात पितात.

सातवं काम : शेततळं कशाने भरणार?

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं पावसाच्या वाहून जाणाऱ्या पाण्याने भरलं तर ती मोठी शिदोरी. पण आपल्याकडे पुष्कळ शेततळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरीतून आणि बोअरमधून भरली जातात. शेजाऱ्यांच्या आधी जमिनीखालचं पाणी उचलून ते उन्हात उघडं ठेवायचं. तीस मीटर लांब-रुंद तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला सात मिलीमीटर जरी उडालं, तरी रोज ६,३०० लिटर जातं. मार्च ते मे या तीन महिन्यांत साडेपाच लाख लिटरच्या वर. खडकात राहिलं असतं तर ते उडालं नसतं. शेततळं घेणार असाल तर ते ओढ्याच्या पावसाळी पाण्यावरच भरायचं, असा पक्का निश्चय करून घ्या. जागाही त्याच हिशेबाने निवडा.

बोअरबद्दल, शेवटी का असेना

पहिला प्रश्न तोच असतो म्हणून सांगतो. २०१२ च्या दुष्काळात आम्ही तीन बोअर घेतले. दोनांतून नुसती धूळ उडाली. तिसऱ्याला ४२० फुटांवर दोन इंची पाणी लागलं, सगळ्या वस्तीने पेढे खाल्ले. तीन उन्हाळे तो चालला आणि मग थांबला. कर्ज त्यानंतरही चालू होतं. त्याच काळात शंभर पावलांवरच्या आबांची विहीर फेब्रुवारीतच तळाला जायला लागली. कारण मला पुढे कळलं. आमच्या बोअरला केसिंग, म्हणजे वरच्या भागात आतून बसवायचा पाईप, फक्त वीस फूट होतं. मोटार बंद असताना तोंडाशी कान लावला की आतून पाणी पडल्याचा आवाज यायचा. आम्ही खूश व्हायचो. ते वरच्या मांजऱ्या खडकातलं पाणी होतं, आमच्या आणि आबांच्या विहिरीच्या झऱ्याचं, जे बोअरच्या भोकातून खालच्या रिकाम्या भेगांत उतरत होतं. आबा आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. ते मला आजही लागतं.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. गाडीवाले आणि एजंट हे सांगत नाहीत, ते फुटावर पैसे घेतात. बोअर असेलच तर घट्ट पाषाण लागेपर्यंत केसिंग टाका आणि बाहेरची पोकळी बंद करा. बंद पडलेला बोअर उघडा ठेवू नका. लहान मुलं त्यात पडतात. झाकण वेल्डिंग करून लावा.

आठवं काम : शेजाऱ्यांबरोबर बसा

एकट्याने वाचवलेलं पाणी शेजारची मोटार उपसते, हे खोटं नाही. म्हणून चार-सहा विहिरींनी मिळून मोजायला लागायचं. हे आपल्या लोकांना नवं नाही. बागलाणात मोसम आणि आरम नदीवर फड पद्धत किमान तीनशे वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. पाणी सोडायला पाटकरी, त्याचा शब्द अखेरचा. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर न वाटता माणशी वाटलं, माणशी अर्धा एकर, आणि ऊस बंद. हिवरे बाजारला पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, शेतीला बोअर घेऊ देत नाहीत. आपल्याच दिंडोरीत वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी मोजून पाणी घेण्याची शिस्त बसवली, आणि सिन्नरला देवनदीवरचे जुने बंधारे-पाट दुरुस्त होऊन पुन्हा वाहू लागले. अटल भूजल योजनेत नाशिक जिल्ह्यातली गावं होती. तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामपंचायतीत जल सुरक्षा आराखडा पडलेला असेल. तो मागून घ्या. त्यात तुमच्या पाणलोटाचे आकडे तयार सापडतील.

आमच्या वस्तीवर सहा विहिरी आहेत. पहिल्या वर्षी दोघांनीच मोजू दिलं. “माझ्या विहिरीचं पाणी तुला कशाला सांगू?” असं नानांनी तोंडावर विचारलं. मी त्यांना काही समजावलं नाही. दर शनिवारी माझाच आकडा मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर खडूने लिहायला लागलो, पातळी आणि खाली उरलेले लिटर. जानेवारीत त्यांनी स्वतःच विचारलं, माझी दोरी किती फुटांची आहे. आता ओट्यावर सहा ओळी असतात, आणि आबांच्या विहिरीचा आकडा सगळ्यात वर लिहिला जातो, कारण ती सगळ्यात आधी उतरते. तिची पातळी ३० फुटांच्या खाली गेली की सहाही जण एक दिवसाआड मोटार लावतात.